तिरपं मोजू नका: मॉडेल विमानाच्या प्लॅनवरून खरी लांबी कशी काढायची

माझ्या पहिल्या मोठ्या मॉडेलचे पाय आखूड झाले होते. प्लॅनमधल्या साइड व्ह्यूवर पट्टी ठेवली, चाकाच्या आसापासून धडापर्यंत १२६ मिलिमीटरच्या थोडं पुढे माप भरलं, तेवढी तार कापली, वाकवली आणि बसवली. विमान चाकांवर उभं केलं तर प्रॉपचं, म्हणजे नाकावरच्या पंख्याचं, टोक जमिनीला टेकायला आलेलं. तरी हौस दांडगी. तूर निघालेल्या वावरात पहिल्याच धावेला प्रॉपने एक ढेकूळ फोडलं आणि स्वतःचं एक पातंही.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसून मी तीच चूक पुन्हा करत होतो. आमच्या गावचे म्हातारे मिस्त्री समोरून चालले होते, थांबले. त्यांची सगळी हयात कवेलूची घरं उभी करण्यात गेली. विमानाचा प्लॅन त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला असेल. थोडा वेळ कागद न्याहाळून म्हणाले, "कागदावरचं तिरपं कायले मोजतं रे बाबू? तिरपं मोजाचंच नाही. आडवं मोज, उभं मोज, गुण्या लाव. तिरपं आपोआप निंघते."

या लेखात शिकण्यासारखं जे आहे ते एवढंच. बाकी सगळं हे वाक्य विमानाच्या कुठल्या भागाला कसं लावायचं आणि कुठे लावायचंच नाही, याबद्दल आहे. नव्याने प्लॅनवरून विमान बांधायला घेतलेल्यांनी हाताशी कंपासपेटी, गुण्या, मोबाइलचा कॅल्क्युलेटर आणि एक तुराटी ठेवावी.

कागद लांबी का खातो

तुराटी कशाला, ते आधी सांगतो. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात एक दिवस असा येतो की भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. गावागणिक तारीख दोन-चार दिवसांनी पुढेमागे होते, चंद्रपूरकडे आधी, नागपूरकडे नंतर. त्या वेळी अंगणात तुराटी सरळ उभी धरा: सावली नाही. आडवी धरा: सावली तुराटीएवढीच. तिरपी धरा: सावली आखूड. जितकी जास्त उभी कराल तितकी सावली आखूड होत जाते, पण तुराटी तर तीच आहे.

प्लॅनमधला टॉप व्ह्यू म्हणजे ही सावली. साइड व्ह्यू म्हणजे बाजूने तसाच सरळ उजेड टाकून भिंतीवर पडलेली सावली, फ्रंट व्ह्यू समोरून. यातून दोन गोष्टी निघतात. एक, अशी सरळ उजेडातली सावली वस्तूपेक्षा कधीच लांब नसते. म्हणून तुमचं उत्तर तिन्ही चित्रांमधल्या सगळ्यात लांब मापापेक्षा कमी आलं, तर हिशेब चुकला असं डोळे झाकून समजा. दुसरी, प्रत्येक चित्र एक दिशा गिळून टाकतं. टॉप व्ह्यू उंची गिळतो, साइड व्ह्यू डावं-उजवं गिळतो, फ्रंट व्ह्यू पुढचं-मागचं. गिळलेली दिशा दुसऱ्या चित्रातून ओढून बाहेर काढायची, बस.

ही विद्या पुस्तकात नीट बांधली ती गास्पार मोंज (१७४६-१८१८) या फ्रेंच गणितज्ञाने. किल्ल्यांच्या तटबंदीच्या कामातून ती निघाली आणि सुरुवातीला लष्करी गुपित म्हणून झाकून ठेवली गेली. मिस्त्रींना यातलं काही सांगितलं नाही, नाहीतर त्यांनी विचारलं असतं की यात लपवण्यासारखं काय होतं.

आधी कागद तपासा

तालुक्याच्या झेरॉक्स दुकानात पीडीएफ दिली की मुलगा सवयीने "फिट टू पेज" करून छापतो आणि अख्खं विमान दोन-चार टक्क्यांनी बारीक होतं. प्लॅनवर मापाची पट्टी छापलेली असेल तर ती मोजा. नसेल तर ज्याचं माप लिहून दिलंय असा एखादा भाग मोजा, पंखाचा पूर्ण विस्तार सगळ्यात बरा. १०० च्या जागी ९७ भरत असेल तर प्रत्येक मापाला ९७ ने भागून १०० ने गुणावं लागेल. त्यापेक्षा दुकानदाराला "हंड्रेड पर्सेंट" म्हणून पुन्हा छापायला सांगणं स्वस्त पडतं. आडवं आणि उभं दोन्ही तपासा. ए-फोरचे तुकडे जोडून प्लॅन बनवला असेल तर जोडावरून जाणारं माप शक्यतो घेऊच नका.

मग कोणतं चित्र कोणतं ते ओळखा. आयटीआयमध्ये शिकलेल्यांना टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली शोधायची सवय असते. अमेरिकन प्लॅनमध्ये तो वर असतो. मॉडेलवाले तर कुठलाच नियम पाळत नाहीत. कागद वाचवायला पंख धडावरूनच काढलेला, फ्रंट व्ह्यू अर्धाच, शेपूट कोपऱ्यात जागा मिळाली तिथे. म्हणून मी रंगीत पेन्सिलीने आधी तिन्ही चित्रांत धडाची मधली रेघ आणि एक आडवी पायारेघ गिरवून घेतो. पुढची सगळी मापं या दोन रेघांपासून.

पाय: एका तारेवर पूर्ण कृती

लँडिंग गिअरची तार घ्या, कारण ती दोन्हीकडून तिरपी असते: बाहेरही फाकलेली आणि पुढेही झुकलेली. चौपाखी घराच्या कोपऱ्यावरचा वासा असाच असतो. म्हणूनच मिस्त्रींना एका नजरेत कळलं.

तारेचं वरचं टोक, म्हणजे धडातून ती बाहेर येते तो बिंदू, याला क म्हणा. खालचं टोक, जिथे ती आसासाठी वळते, त्याला ख. तिन्ही चित्रांत क आणि ख लिहा. हे बालिश वाटतं, पण निम्म्या चुका इथेच होतात: एका चित्रात चाकाचा मध्य धरला जातो, दुसऱ्यात तारेचा वाक. मापं तारेच्या मधोमध धरायची, कडेला नाही.

आता क पासून ख पर्यंत तीन सरळ अंतरं घ्या. फ्रंट व्ह्यूमधून: बाहेर किती? ६० मिलिमीटर. त्याच चित्रातून: खाली किती? १२०. साइड व्ह्यूमधून: पुढे किती? ४०. प्रत्येक वेळी गुण्या पायारेघेला लावून काटकोनातच मोजायचं. पट्टी तिरपी झाली की खेळ संपला.

तिन्हींचे वर्ग करा: ३६००, १४,४०० आणि १६००. बेरीज १९,६००. वर्गमूळ १४०. तार क ते ख १४० मिलिमीटर हवी.

आता हीच तार कागदावर किती दिसते ते पाहा. फ्रंट व्ह्यूमध्ये १३४, साइड व्ह्यूमध्ये १२६.५, टॉप व्ह्यूमध्ये अवघी ७२. तिन्ही चित्रं तीन वेगळी मापं सांगतात आणि खरं माप एकाही चित्रात नाही. मी १२६.५ ची तार कापली होती, त्यात विमान जवळपास १२ मिलिमीटर खाली बसलं आणि प्रॉपने ढेकूळ फोडलं.

कॅल्क्युलेटर नको असेल तर कर्कटकाने करा; मला हेच जास्त आवडतं, कारण आकडा लिहिताना चुकण्याची भीती नाही. कोऱ्या कागदावर काटकोन काढा. एका भुजेवर साइड व्ह्यूमध्ये दिसणारी तिरपी लांबी कर्कटकात धरून जशीच्या तशी उतरवा. दुसऱ्या भुजेवर साइड व्ह्यूने गिळलेली दिशा, म्हणजे बाहेरचं अंतर, ६०. दोन टोकं जोडा. ती तिरपी रेघ १४० भरेल. पायवा आखताना गवंडी दोरीवर तीन-चार-पाच धरून काटकोन घेतो, त्यातलाच हा प्रकार, फक्त इथे काटकोन आपण देतो आणि तिसरी बाजू मागतो.

टॉप व्ह्यूची ७२ आणि उंचीची १२० घेतली तरी १४०च येतात. फ्रंट व्ह्यूची १३४ आणि पुढची ४० घेतली तरी तेच. मग साइड व्ह्यूच का घेतला? कारण आस आडवा, म्हणजे थेट बाहेरच्या दिशेने जातो. त्यामुळे या त्रिकोणात ६० च्या भुजेपाशी जो कोन पडतो तोच तार आणि आस यांच्यातला खरा कोन असतो, सुमारे ६४.६ अंश. फ्रंट व्ह्यूवर कोनमापक ठेवलं असतं तर ६३.४ दिसला असता. इथे फरक एकाच अंशाचा आहे, पण पाय जितका पुढे झुकलेला तितका तो वाढत जातो. चाकं आत-बाहेर तिरकी पळणारी कितीतरी विमानं या फरकाची बळी आहेत. तर नियम असा: लांबी कुठल्याही जोडीने काढा, पण वाकवायचा कोन हवा असेल तर जी दिशा दुसऱ्या भागाची आहे तीच त्रिकोणाची एक भुजा घ्या. मग तार त्या त्रिकोणावरच ठेवून वाकवायची, वेगळं कोनमापक लागतच नाही.

तार कापताना मात्र १४० वर कापू नका. वरच्या बाजूला धडात बसणारा भाग, खालच्या बाजूला आस, आणि शिवाय २०-२५ मिलिमीटर सैल ठेवा. प्रत्येक वाक थोडी तार खातो. आस शेवटी वाकवा, जास्तीचं नंतर छाटा. छोट्या विमानाला सायकलचा साधारण दोन मिलिमीटरचा स्पोक चालतो. मॉडेलवाले वापरतात त्या कडक पोलादी पियानो वायरपेक्षा तो मऊ असतो, त्यामुळे जोरात उतरलं की फाकतो, पण गुडघ्यावर धरून सरळही होतो. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगांमध्ये चाक अडकलं तर मला वाकणारी तार परवडते. धडाची फळी फुटलेली परवडत नाही.

पंखाचा टेकू

वर पंख असलेल्या विमानांना धडाच्या खालच्या कडेपासून पंखापर्यंत तिरपा स्ट्रट जातो. समजा तो बाहेर २४०, वर ८० आणि मागे ६० जातो. हिशेब तोच, खरी लांबी २६०. फ्रंट व्ह्यूमध्ये २५३ दिसतो, तिथे फसायला होतं कारण फरक थोडा वाटतो. साइड व्ह्यूमध्ये मात्र तोच स्ट्रट १०० मिलिमीटरचा दिसतो! एवढा मोठा फरक असला की माणूस थबकतो आणि विचार करतो. २५३ च्या वेळी थबकत नाही, सात मिलिमीटर कमी कापतो आणि मग पंख खाली ओढून खिळा ठोकतो. एका बाजूचा पंख असा ओढला गेला की विमान जन्मभर एकाच बाजूला वळत राहतं.

इथे दोन बारकावे. स्ट्रटचं वरचं टोक पंखाच्या खालच्या पृष्ठभागावर असतं, पंखाच्या मध्यरेषेवर नाही, म्हणून उंची तिथपर्यंतच मोजा. आणि बाहेरचं अंतर टॉप व्ह्यूवरून न घेता फ्रंट व्ह्यूवरून घ्या. का ते पुढच्या मुद्द्यात येतं. कापण्याआधी तेवढीच तुराटी तोडून जागेवर धरून पाहा. शेतात तिचा ढीग पडलेला असतो; बाल्सा, म्हणजे मॉडेलचं हलकं लाकूड, मात्र पोस्टाने मागवावा लागतो.

जिथे दुरुस्ती करायची नाही

नवशिक्याला हे तंत्र आलं की तो सगळ्याच भागांना लावत सुटतो. मीही लावलं. पंख वर उचललेला असतो, म्हणजे डायहेड्रल असतो, तेव्हा वाटतं की टॉप व्ह्यूमधला पंख आखूड दिसत असणार. खऱ्या विमानाच्या तीन बाजूंच्या चित्रात तसंच असतं. पण बांधणीच्या प्लॅनमध्ये पंख बहुधा आधीच सपाट पसरून काढलेला असतो, कारण तो त्याच कागदावर पिना टोचून बांधायचा असतो. तिथे पुन्हा दुरुस्ती केली तर पंख लांब होतो.

ओळखायचं कसं? फ्रंट व्ह्यूमध्ये अर्धा पंख तिरप्या रेघेवरून मोजा आणि टॉप व्ह्यूमधल्या लांबीशी ताडून पाहा. दोन्ही सारखे असतील तर सपाट करून दिलाय, हात लावू नका. टॉप व्ह्यू कमी भरला तर ती सावली आहे. फरक किती असावा याचा अंदाज: ६०० मिलिमीटरचा अर्धा पंख ६ अंश उचलला तर सावली ५९६.७ पडते. फक्त तीन मिलिमीटर, म्हणून जाड पेन्सिलीने मोजून चालणार नाही.

इंग्रजी व्ही अक्षरासारखी शेपूट असेल तर मात्र प्रकरण गंभीर. तिचे पाते ३५ अंश उचललेले असतील तर २०० मिलिमीटरचं पातं वरून १६४ दिसतं. कुणी खऱ्या विमानाच्या चित्रावरून १६४ चंच बनवलं तर शेपटीचं क्षेत्रफळ जवळपास १८ टक्क्यांनी घटतं आणि विमान हवेत नाक धरेनासं होतं.

धडाच्या बाजूंबद्दल माझं मत थोडं बेफिकीर आहे. शेपटीकडे ४०० मिलिमीटरमध्ये बाजू ४० ने आत आली, तर खरी लांबी ४०२. काड्यांनी बांधत असाल तर विसरून जा, काडी लांबच कापलेली असते. सनबोर्डची (फोमच्या शीटची) किंवा बाल्साची सलग बाजू कापून तिच्यात आधीच खाचा पाडत असाल तर मात्र शेवटची खाच दोन मिलिमीटर सरकते आणि डाव्या-उजव्या बाजूंचं जुळत नाही. नाकाकडे हे जास्त बोचतं: ६० मध्ये २५ आत आलं की खरी लांबी ६५, पाच मिलिमीटरचा घोटाळा.

इंजिनाची फळी दोन-तीन अंश खाली झुकवलेली असते. तिची उंची मोजून दुरुस्त करत बसणाऱ्याला फावला वेळ बराच आहे असं समजावं. तीन अंशांत शंभरामागे दीड दशांश मिलिमीटरही पडत नाही.

काच

समोरची काच हा लांबीचा नाही, आकाराचा प्रश्न आहे. फ्रंट व्ह्यूमध्ये तिची रुंदी बरोबर दिसते, उंची चेपलेली. साइड व्ह्यूमध्ये ती एक तिरपी रेघ दिसते, आणि काच सपाट असेल तर त्या रेघेवर उंची खरी असते. म्हणजे उदाहरणार्थ समोरून ४० उंच, बाजूने ३० मागे झुकलेली, तर खरी उंची ५०. नुसती वरखाली ताणून भागत नाही, कडा वळणाच्या असतात. म्हणून फ्रंट व्ह्यूमध्ये पायारेघेपासून वर चार-पाच आडव्या रेघा मारा. त्याच उंचीच्या रेघा साइड व्ह्यूमध्ये मारून त्या तिरप्या काचेला जिथे छेदतात तिथे खुणा करा. या खुणांमधलं तिरप्या रेघेवरचं अंतर कर्कटकात धरून कोऱ्या कागदावर एकाखाली एक मांडा आणि प्रत्येक पातळीवर फ्रंट व्ह्यूमधली अर्धी रुंदी दोन्ही बाजूंना द्या. बिंदू हाताने जोडा. आधी लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून कापून बसवा. आपल्याकडे सीझन संपला की लग्नपत्रिकांना तोटा नसतो. तो बसला की मग प्लास्टिक कापा.

चित्रंच एकमेकांशी भांडत असतील तर

जुने हाताने काढलेले प्लॅन असतात. फ्रंट व्ह्यूमधली १२० उंची साइड व्ह्यूमध्ये ११८ भरू शकते. एवढा फरक असला की मी साइड व्ह्यूवर विश्वास ठेवतो, कारण धडाच्या आडव्या फळ्या, ज्यांना हे सगळं जोडलं जाणार असतं, तिथेच पूर्ण काढलेल्या असतात. दोनपेक्षा जास्त फरक दिसला तर कागदाशी झटापट करण्यात अर्थ नाही. धड आधी बांधा, बाकी भागांच्या टोकांची जागा प्रत्यक्ष विमानावर खूण करा आणि तिथून तिथे दोरा ताणून मोजा.

आता माझ्या दुसऱ्या पायाच्या तारेचं. मिस्त्रींच्या म्हणण्याप्रमाणे आडवं-उभं मोजून त्रिकोण काढला, १४० आली, त्रिकोणावर ठेवून तार वाकवली, अगदी नेमकी. त्याच त्रिकोणावर लगेच दुसरीही वाकवली, तशीच, त्याच दिशेने. बसवायला घेतली तेव्हा कळलं की माझ्याकडे दोन डावे पाय आहेत. दुसरी तार वाकवताना त्रिकोणाचा कागद उलटा करायचा असतो, खिडकीच्या काचेवर धरून मागच्या बाजूने रेघा गिरवून.